बटाटा, घमेले, पगार : बोरघाटाच्या वाटेवरून

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते ती मुख्यतः प्रवाशांसाठी नव्हे, घाटासाठी. पुढे बोरघाटाची चढण असते, आणि साऱ्या डब्यांचा भार पुढच्या एकट्या इंजिनाला पेलवत नाही. म्हणून बहुतेक गाड्यांना मागून आणखी इंजिने जोडावी लागतात. ही जोडणी होईपर्यंत जी चार-दोन मिनिटे मोकळी मिळतात, त्या मिनिटांवर कर्जतचा बटाटेवडा जगला, वाढला आणि नावारूपाला आला. घाट नसता तर इंजिन जोडावे लागले नसते, इंजिन जोडावे लागले नसते तर गाडी थांबली नसती, आणि गाडी थांबली नसती तर दिवाडकरांच्या वड्याचे नाव साऱ्या महाराष्ट्राला कळले नसते. इतिहासात कार्यकारणभाव असा एखाद्या कढईतही सापडतो.

गेल्या सप्टेंबरात आमच्या धर्मग्रामातील ज्येष्ठ मंडळींना घेऊन आम्ही लोणावळ्याला गेलो. तरुणांचा आग्रह बसचा होता. द्रुतगती मार्गाने भुर्रकन जाता येईल, असे त्यांचे म्हणणे. परंतु भुर्रकन जाऊन करायचे काय, असा प्रश्न आमच्या आजीमंडळींनी विचारला आणि तो बिनतोड होता. तेव्हा गाड्या बदलत आम्ही कल्याणला आलो आणि तेथून पुण्याची गाडी धरली. उल्हास नदी काठोकाठ भरलेली, भाताची खाचरे हिरवीगार, माथेरानचा डोंगर अर्धा ढगात. कर्जतला अपेक्षेप्रमाणे खिडक्यांतून हात बाहेर गेले, नोटा आत-बाहेर झाल्या आणि साऱ्या डब्यात तळणाचा व लसणीच्या सुक्या चटणीचा वास भरून राहिला. काही वेळ कोणी कोणाशी बोलले नाही.

सेमिनरीत असताना पुण्याला जाता-येता हा वडा आम्ही पुष्कळदा खाल्ला आहे. तेव्हा भूक होती, विचार नव्हता. आता उलट झाले आहे. हातातील वड्याकडे पाहता पाहता असे मनात आले, की या लहानशा गोळ्यात आपले म्हणावे असे किती आहे? हरभऱ्याचे पीठ आपले, लसूण जुनी, हळदही जुनी. परंतु बटाटा दक्षिण अमेरिकेतला. मिरचीही अमेरिकेतलीच. ही दोन्ही पिके समुद्रमार्गे आपल्याकडे आली ती पोर्तुगीज सत्तेच्या काळात. 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांनी दिलेला. मौज अशी, की तो त्यांचाही नव्हे. कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांचा तो शब्द, आणि त्यांच्याकडे तो रताळ्याला लावीत. आपण नाव उचलले ते भलत्याच कंदाला दिले, आणि रताळे बिचारे रताळेच राहिले. उत्तरेत 'आलू' चालतो. आपण पश्चिम किनाऱ्यावरची माणसे मात्र बटाट्याला धरून आहोत. इंग्रजी अमदानीत त्याची लागवड घाटमाथ्यावर वाढली. महाबळेश्वरला शिक्षा भोगण्यासाठी आणलेल्या चिनी कैद्यांनी तेथे बटाट्याचे मळे फुलविले, आणि पुढे पुणे जिल्ह्यातील खेड-मंचरचा भाग या पिकासाठी प्रसिद्धीस आला.

वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ ते १७३९ असा दोनशे पाच वर्षे होता. किल्ल्याच्या भिंती पडल्या, शब्द मात्र उभे राहिले. चावी, बालदी, परात, फीत, लिलाव, तुरुंग, पाव हे सारे त्यांचेच. लोक आम्हांस कधी कधी ज्या नावाने ओळखतात तो 'पाद्री'ही त्यांचाच. या यादीत आणखी दोन शब्द आहेत आणि या लेखात त्यांचे काम पडणार आहे : घमेले आणि पगार.

कर्जत सुटले, पळसदरी गेली, आणि गाडीचा आवाज बदलला. डाव्या-उजव्या बाजूंनी धबधबे कोसळत होते. बोगदा येताच पोरांनी ओरडावे तशा आमच्या साठी-सत्तरीच्या बाया ओरडत होत्या. जांब्रुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल, नागनाथ ही या घाटातली स्थानके; वस्तीसाठी नव्हे, गाड्यांच्या सुरक्षिततेसाठी असलेली. उतरणाऱ्या गाडीला वाटेत ठरावीक ठिकाणी थांबावेच लागते, आणि एखादी गाडी ताबा सुटून धावलीच तर तिला चढावाच्या आडमार्गावर घालण्याची सोय केलेली असते. हे सारे एका वयस्कर गृहस्थांनी, जे स्वतः रेल्वेत नोकरीला होते, इतक्या तपशिलाने सांगितले की ऐकताना वडा थंड झाला.

ही वाट मुळात रेल्वेची नव्हे. कोकणातील बंदरांचा माल देशावर चढविणारी ही प्राचीन वाट आहे. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी याच वाटेच्या आश्रयाने उभी राहिली, आणि कार्ल्याच्या खांबांवर दाते म्हणून यवनांचीही नावे आहेत. जवळच उंबरखिंडीत १६६१ साली शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडून तिला शरण आणले. इंग्रजांची फौज हाच घाट चढून गेली आणि १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांकडून पराभव पत्करून परतली. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी घाटात गाडीरस्ता बांधला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १० नोव्हेंबर १८३० रोजी तो खुला केला. त्या काळचा एक दगडी पूल पुढे अमृतांजनच्या जाहिरातीमुळे 'अमृतांजन पूल' म्हणून ओळखला जाऊ लागला. तो २०२० च्या एप्रिलमध्ये पाडण्यात आला. आमच्या गाडीतील पुष्कळांना तो अजून उभाच आहे असे वाटत होते.

पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला धावली हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. पुढची हकीकत मात्र कमी जणांना ठाऊक आहे. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत पोहोचले. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा वरचा मार्गही सुरू झाला. मध्ये उभा होता सह्याद्री. प्रवाशांनी खोपोलीला उतरावे, पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट चढावा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसावे, अशी सुमारे पाच वर्षे रीत होती. ही फट बुजविण्याचे काम म्हणजे बोरघाटाची रेल्वे. तिचा मार्ग खोपोलीऐवजी कर्जतच्या बाजूने, पळसदरीवरून काढण्यात आला, आणि खोपोली त्यामुळे कायमची फाट्यावर राहिली. लांबी पावणेसोळा मैलांच्या आसपास, चढण १८३१ फूट, सदतीस फुटांत एक फूट असा कमाल चढ, पंचवीस बोगदे. मुख्य अभियंता होते जेम्स जॉन बर्कली. एका ठिकाणी कडा इतका अडचणीचा होता की गाडीला वळण्यास जागाच मिळेना. तेथे त्यांनी उलट-स्थानक काढले. गाडी एका तोंडाने आत येई, इंजिन दुसऱ्या टोकास जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढे चढू लागे. विजेची इंजिने येईपर्यंत, म्हणजे १९२९ पर्यंत, ही व्यवस्था चालली. बर्कली स्वतः घाटातून गाडी जाताना पाहू शकले नाहीत. प्रकृती खालावल्यामुळे ते इंग्लंडला परतले आणि १८६२ मध्ये तेथे वारले.

बांधकामाचा ठेका प्रथम विल्यम फेव्हिएल यांच्याकडे होता. १८५६ च्या आरंभी काम सुरू झाले. पावसाळ्यात खंडाळ्याला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेव्हा मजूर गावी जात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास परतत. दगड फोडणारे वडार होते, महार, मांग, कोळी, कुणबी होते. बायका होत्या, मुलेही होती. कड्यावर उभे राहण्यास जागा नसे तेथे माणसांना दोरांनी खाली सोडीत. त्यांनी लोंबकळत सुरुंगाची भोके पाडावीत आणि दारू ठासावी. फोडलेला दगड टोपल्या-घमेल्यांनी वाहिला जाई. हा घाट प्रामुख्याने हातांनी आणि डोक्यांनी उपसला गेला आहे.

मजुरीची तऱ्हा अशी होती : कंपनीने ठेकेदाराला द्यावे, त्याने पोटठेकेदाराला, पोटठेकेदाराने मुकादमाला आणि मुकादमाने मजुराला. वरून निघालेले पाणी खालच्या खाचरात पोहोचेपर्यंत किती उरते हे शेतकऱ्यास सांगावयास नको. मजुरी थकू लागली. २० जानेवारी १८५९ रोजी मजुरांचा संयम सुटला. दंगा झाला, युरोपियन माणसांना मारहाण झाली आणि त्यांच्यापैकी एकाचा प्राण गेला. आम्ही या हिंसेचे समर्थन करीत नाही. परंतु सरकारने चौकशी केली तेव्हा मजुरांची तक्रार खरी होती असेच आढळून आले. फेव्हिएल यांनी मार्चमध्ये ठेका सोडला. पुढील वर्षी, १८६० मध्ये, रेल्वे, कालवे इत्यादी कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत असा कायदा आला. त्याच कायद्याने काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षेची तरतूदही केली, हेही सांगितले पाहिजे. एका हाताने दिले, दुसऱ्याने धरले.

नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्येच आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून मरण पावला. आश्चर्य असे, की त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल हिने, ठेका सोडला नाही. अनुभवी अभियंते नेमून तिने काम तडीस नेले. त्या काळी परमुलुखात एका विधवेने असे धैर्य दाखवावे हे खरोखर थोर आहे, आणि तिची आठवण जितकी राहावयास हवी होती तितकी राहिलेली नाही. १८६१ च्या जानेवारीत या घाटात ४२,००० माणसे कामावर होती. एवढ्या दाट वस्तीला स्वच्छ पाणी कोठले? पटकी आली. ती झोपड्यांतून वणव्यासारखी फिरली, माणसे पळाली, पुन्हा नवी माणसे आली. पटकीने, तापाने, सुरुंगाने आणि कड्यावरून पडून हजारो माणसे या पावणेसोळा मैलांत मेली. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले.

हे सारे आम्ही लोणावळ्याच्या मुक्कामी, दुपारच्या चहानंतर मंडळींना सांगितले. सांगताना आम्हांस आमच्या चर्चच्या जुन्या मृत्यूनोंदवह्या आठवत होत्या. गरिबातल्या गरीब शेतमजुराचे नाव, त्याच्या बापाचे नाव, मरणाचा दिवस, दफन करणाऱ्या धर्मगुरूची सही, असे तेथे एका ओळीत सापडते. अक्षर वाईट असेल, कागद वाळवीने खाल्ला असेल, पण ओळ असते. घाटातील अभियंते व ठेकेदार आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत. हजारोंच्या वाट्याला फक्त बेरीज आली.

एकच अपवाद लोकांनी करून ठेवला आहे. खोपोलीच्या वर जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना दाखविणारा तो धनगर. काम झाल्यावर त्यांनीच त्याला मारले, असे म्हणतात. येणारे-जाणारे गाडीवाले तेथे नाणे टाकतात. ही दंतकथा आहे, दप्तरात तिचा पुरावा शोधण्यात अर्थ नाही. परंतु दप्तराने ज्यांची नावे टाकली नाहीत त्यांच्यापैकी एकाला तरी लोकांनी नाव दिले, घर दिले. आमच्या दृष्टीने हाही एक पुरावाच आहे, मात्र वेगळ्या गोष्टीचा.

आम्ही बोलणे संपविले तेव्हा मागच्या बाकावरील एका आजींनी विचारले, "फादर, त्या मेलेल्या माणसांचा राहिलेला पगार कोणी दिला?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी दुसरे विचारले, "आणि त्यांच्यासाठी कोणी प्रार्थना केली असेल?"

आम्ही म्हणालो, "ज्याच्या त्याच्या घरी, ज्याच्या त्याच्या रीतीने रडले असतील, आजी."

"घरी कळले असेल तर," त्या म्हणाल्या.

परतीची गाडीही कर्जतला थांबली, म्हणून वडे पुन्हा मिळाले. आजींनी दोन जास्तीचे घेतले, नातवंडांसाठी. कागदातून तेल बाहेर येऊन त्यांच्या पिशवीला डाग पडला आणि त्यावरून सुनेशी काय होईल याची चर्चा कल्याणपर्यंत रंगली.

नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणासाठी घरोघरीची यादी वेदीवर ठेवण्याची आपली प्रथा आहे. त्या यादीचे कागद आम्ही दरवर्षी चाळून पाहतो. यंदा एका कागदावर सासरची-माहेरची नावे झाल्यावर, सर्वांत खाली, थरथरत्या अक्षरात एक ओळ होती : "बोरघाटातले सगळे."

सोबत पाकिटात वीस रुपये होते.