कार स्टिरिओ : वीजपुरवठ्यातील दोष
मोटारीतील स्टिरिओ बंद पडला की संशय प्रथम यंत्रावर जातो. दोष मात्र बहुधा वायरिंगमध्ये असतो. बाजारातून आणलेल्या स्टिरिओची पिवळी वायर सहसा बॅटरीचा कायमचा १२ व्होल्ट पुरवठा आणते, लाल वायरीत चावी फिरवल्यावरच वीज येते आणि काळी अर्थिंगची असते. गाडी बंद करताच घड्याळ व स्टेशने पुसली जात असतील, तर पिवळीचा पुरवठा तुटलेला असतो किंवा पिवळी-लाल यांची अदलाबदल झालेली असते. काही फोक्सवॅगन गाड्यांच्या सॉकेटमध्ये या दोन जागा मुळातच उलट असल्याने ही गफलत सहज होते.

मीटर १२ व्होल्ट दाखवतो म्हणजे वायर ठीक, हा आक्षेप फसवा आहे. भार नसताना वायरीच्या आतली एकच तार शाबूत असली तरी पूर्ण व्होल्टेज दिसते. आवाज वाढवताच गंजक्या जोडाशी ते कोसळते आणि स्टिरिओ बंद होऊन पुन्हा सुरू होतो. म्हणून तो वाजत असतानाच त्याची धातूची पेटी आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये मीटर लावावा. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट आला तर अर्थिंग सदोष समजावे. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज कधीही घालू नये. मग फ्यूजऐवजी वायर जळते.