पेठेचा कौल

जयसिंगपुरातले पत्ते ऐकून नवख्या माणसास मोठी गंमत वाटते. सातवी गल्ली, दहावी गल्ली असे तेथे सरळ आकडेच सांगतात. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात आणि गाव बुद्धिबळाच्या पटासारखे मांडलेले दिसते. आपल्याकडील गावे सहसा अशी नसतात. ती ओढ्याच्या वळणाने, देवळाच्या आश्रयाने, भाऊबंदकीच्या वाटण्यांनी वाढत जातात. जयसिंगपूर मात्र आधी कागदावर मांडले गेले आणि मग जमिनीवर उतरले. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ च्या सुमारास ही पेठ आपले वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसविली.

जागेची निवडही विचारपूर्वक झाली होती. १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. शिरोळ हे तालुक्याचे गाव रुळांपासून दूर राहिले आणि स्थानकास नाव पडले शिरोळ रोड. (ही ‘रोड’वाली स्थानके म्हणजे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. ज्या गावाचे नाव उसने घेतले त्याच्यापेक्षा स्थानकाभोवतीची वस्तीच पुढे मोठी झाली, असे पुष्कळ ठिकाणी घडले. नगर जिल्ह्यातील बेलापूर रोडचे श्रीरामपूर झाले ते असेच.) कृष्णेच्या पलीकडे सांगली आणि मिरज ही पटवर्धनांच्या संस्थानांतील व्यापाराची गावे होती. आपल्या मुलखातील माल आपल्याच मुलखात विकला जावा, हा शाहू महाराजांचा हेतू यात सहज वाचता येतो. १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी कोल्हापुरात शाहूपुरी वसविली, त्यामागेही हीच दृष्टी होती.

परंतु केवळ सरळ रस्ते आखले म्हणजे पेठ वसते काय? आमच्या मते येथेच आपल्या जुन्या कागदपत्रांकडे वळले पाहिजे. मराठी राज्यात नवी पेठ वसवायची म्हणजे प्रथम कौल द्यावयाचा. या कौलात काय असे? अमक्या जागी पेठ करावी. वाणी, उदमी, कारागीर आणून घरे बांधवावीत. इतकी वर्षे सरकारदेणे माफ, त्यानंतर ते थोडेथोडे चढत जाईल. कोणाचा उपसर्ग लागणार नाही. शिवाय वसाहतीचे काम अंगावर घेणारा एक माणूस नेमलेला असे. त्याला शेटेपणाचे वतन मिळे, बाजारातील मालावर ठरीव हक्क मिळे, मान मिळे. पेठ भरली तर त्याचे घर भरणार आणि ओस पडली तर वतन नुसते कागदावर उरणार, असा तो व्यवहार होता. येवल्यात राघोजी नाईकांनी पैठणचे विणकर आणून वसविले, त्यामागेही असाच एक हिशेबी माणूस उभा होता.

म्हणजे जुन्या योजनेत जागेबरोबर मुदत ठरलेली असे आणि जबाबदार माणूसही ठरलेला असे. व्यापाऱ्याला नकाशा मिळत नसे. त्याला वचन मिळे. आपले दुकान नव्या जागी नेण्याचा धोका मनुष्य पत्करतो तो अशा वचनाच्या भरवशावर.

जुने ते सर्व सोने, असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. हे वचन सर्वांना नव्हते. पेठा जातवार बसत आणि ज्यांची वस्ती वेशीबाहेर, त्यांच्यासाठी कौल निघत नसे. १९०२ साली आपल्या संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखणाऱ्या राजाने पुढे नवे गाव वसविताना गल्ल्यांना जातींची नावे न देता आकडे दिले, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

आता आपल्या तालुक्याच्या गावांकडे पाहू. गेल्या दीड शतकात या गावांचे मध्य कितीदा तरी हलले. पूर्वी वेस, देऊळ आणि आठवड्याचा बाजार हा गावाचा मध्य होता. आगगाडी आली आणि वखारी, अडती स्थानकाकडे सरकल्या. १९४८ साली एस. टी. सुरू झाली आणि जेथे तिचा थांबा झाला तेथे हॉटेले, शाळेची पोरे, रसवंतीगृहे जमू लागली. शेतमालाच्या नियंत्रित बाजाराची सुरुवात वऱ्हाडात कारंज्याला १८८६ मध्येच झाली होती. १९६३ च्या कायद्यानंतर बाजार समित्यांची आवारे गावोगाव उभी राहिली आणि धान्याचे, गुळाचे सौदे जुन्या पेठेतून उठले. खुद्द शाहूपुरीचा गूळ पुढे मार्केट यार्डात गेला. आता बाह्यवळण रस्ते गावाला वळसा घालून जातात आणि दुकाने त्यांच्या मागे धावतात.

यांतील एकेक स्थलांतर समंजसच होते. गल्लीत बैलगाड्यांची कोंडी, काटामारी, हमालांचे हाल हे सारे यार्डाने पुष्कळ कमी केले. पण नवे आवार आखताना मागे राहिलेल्या पेठेचे काय करावयाचे, हा विचार क्वचितच झाला. माल गेला, तरी शिंपी, कासार, भांड्यांचा कल्हईवाला, पाटीभर भाजी घेऊन बसणारी बाई ही माणसे तेथेच राहिली. त्यांच्यासाठी कौल कोणी काढला नाही.

कायदे झाले नाहीत असे नव्हे. नगररचनेचा देशातील पहिला कायदा मुंबई इलाख्यातच १९१५ साली झाला, म्हणजे जयसिंगपूरच्या आखणीच्या आगेमागे. पुढे १९५४ चा आणि मग १९६६ चा महाराष्ट्राचा कायदा आला. आज गावाची विकास योजना तयार होते ती या १९६६ च्या कायद्याने. तिच्यात बाजार, बाग, वाहनतळ यांसाठी जमिनी आरक्षित होतात. जागा ठरते, माणूस मात्र ठरत नाही. मुदत ठरते, पण ती उलट्या बाजूने. दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देतो आणि त्यापुढे चोवीस महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षणच रद्द होते. कौलाची मुदत पेठ उभी राहावी म्हणून होती. ही मुदत भरते तेव्हा मंडईचे आरक्षण उडालेले असते आणि तेथे इमारत उभी राहते.

अलीकडे अनेक तालुक्यांच्या गावी ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या आहेत. त्यांच्या विकास योजनांत साप्ताहिक बाजाराची जागा कोठे दाखविली जाते, इकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो. बाजार आठवड्यातून एकच दिवस भरतो म्हणून उरलेले सहा दिवस ती जागा ‘मोकळी’ समजली जाते आणि मोकळ्या जागेवर प्रत्येकाचा डोळा असतो. बाजार गावाबाहेर ढकलला की शेतकरीण रिक्षाचे भाडे भरून येणार आणि जुन्या पेठेतील दुकानदाराला बाजाराच्या दिवशीची गिऱ्हाइकी मुकणार. दोघांचेही नुकसान एकाच रेघेने होते.

एक साधन मात्र हाती आहे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली झालेल्या केंद्राच्या कायद्यात नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे. तिच्या सभासदांत किमान चाळीस टक्के विक्रेत्यांनीच निवडून दिलेले विक्रेते असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे तो कायदा सांगतो. जेथे बाजार पूर्वापार भरतो त्या जागेचीही त्याने दखल घेतली आहे. जुन्या कौलात जी माणसे नव्हती त्यांना येथे प्रथमच सहीचा अधिकार मिळाला आहे. आपल्या गावी अशी समिती आहे का, तिची सभा कधी भरली होती, हे नगरपंचायतीत जाऊन विचारण्यास कोणाचीही हरकत नसावी.

विकास योजनेचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध होतो, नकाशा कचेरीत पाहावयास ठेवतात आणि हरकती ठराविक मुदतीत लेखी घेतात. बाजारच्या दिवशी कचेरी उघडी असते, पण पाटी सोडून ती बाई तेथपर्यंत जाणार कशी? नकाशाची एक मोठी प्रत बाजारातच, पाणपोईजवळ, टांगावी. शेजारी वाचून दाखविणारा एक कारकून बसवावा आणि त्याने तेथल्या तेथे हरकती लिहून घ्याव्यात. याला एक दोरी, चार खिळे आणि मुदतीतले बाजारचे चार दिवस पुरतील.