मुंबईचें सांडपाणी आणि माटुंग्याचा धडा

ज्या विषयाचें नांव निघतांच सभ्य मंडळी नाकास रुमाल लावतात, त्याचाच थोडासा इतिहास वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. नगराची संस्कृति त्याच्या प्रासादांवरून व ग्रंथालयांवरून पारखण्याची आपली रीत आहे. परंतु त्या नगराचा मैला कोण वाहतो आणि तो शेवटीं कोठें जातो, हें विचारल्यावांचून ती परीक्षा पुरी होत नाहीं, असें आमचें मत आहे.

सात बेटांमधील खाड्या बुजवून मुंबई एकसंध झाली, तरी तिचा पुष्कळ भाग भरतीच्या पातळीहून सखलच राहिला. अशा भूमीवरून सांडपाणी आपोआप वाहून जाणें कठीण. घरोघरचा मैला टोपल्यांतून वाहण्याचें काम हलालखोर म्हणविल्या जाणाऱ्या लोकांच्या माथीं आलें. त्या कामापायीं घेतल्या जाणाऱ्या कराला १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यांत त्यांचेंच नांव मिळालें. मान मात्र त्यांस मिळाला नाहीं.

पुढें भुयारी गटारें झालीं, वरळीस लव्हग्रोव्ह येथें पंप बसले व सांडपाणी समुद्रांत जाऊं लागलें. समुद्र अथांग आहे, तो सर्व कांहीं पोटांत घालील, असा त्यामागील समज होता. ओहोटीबरोबर गेलेलें भरतीबरोबर परतही येतें, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या कोळ्यास कोणी शिकवावी लागत नाहीं. शहराला ती उमगावयास फार काळ लागला.

याच सुमारास शहराच्या एका कोपऱ्यांत निराळाच प्रयोग चालला होता. म्युनिसिपल कमिशनर अॅकवर्थ यांनीं १८९० मध्यें बेघर कुष्ठरोग्यांसाठीं माटुंग्यास आश्रम उघडला. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ मध्यें ऐतिहासिक पोवाडे प्रसिद्ध करणारे अॅकवर्थ ते हेच. या आश्रमाचें सांडपाणी फुकट न दवडतां शेतीस देण्यांत येई. पुढें तेथें मैला बंद टाक्यांत सांठवूं लागले. हवा न मिळाल्यास टाकींतील सूक्ष्म जंतु मैल्याचें विघटन करतात व त्यांतून जळणारा वायु निघतो. तो वायु धरून विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें एंजिनही चालविण्यांत आलें. पौर्वात्य देशांतील गटारव्यवस्थेवर १९०६ मध्यें ग्रंथ लिहिणारे इंजिनीअर कार्कीट जेम्स यांचा या कामाशीं निकट संबंध होता.

एका आश्रमास जें साधलें तें लक्षावधि वस्तीच्या शहरास कसें साधावें, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदींच निराधार नाहीं. शेतीस जागा लागते, टाक्यांस पैसा लागतो. तथापि आक्षेप प्रमाणाविषयीं आहे, तत्त्वाविषयीं नव्हे. शहरानें तत्त्वच बाजूस ठेविलें. विसाव्या शतकाच्या अखेरीस विश्व बँकेच्या साहाय्यानें वरळी व वांद्रे येथून समुद्राखालीं सुमारें साडेतीन किलोमीटर लांबीचे बोगदे काढण्याचें काम हातीं घेतलें गेलें. त्यायोगें मैला किनाऱ्यापासून दूर गेला खरा, पण तो जाऊन पडला समुद्रांतच. रोज सुमारें २४६ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करूं शकतील अशा सात केंद्रांची कोनशिला बसावयास २०२३ साल उजाडलें.

मनुष्याकडून हातानें मैला उचलविण्यास पुरती बंदी करणारा कायदाही २०१३ चा. तरीसुद्धां गटारांत उतरलेला कामगार गुदमरून मेल्याची वार्ता आपण अद्याप वाचतों आणि पान उलटतों. माटुंग्यास ज्या जळणाऱ्या वायूला धरून कामास लावलें, त्याचीच जात गटारांत मनुष्याचा प्राण घेते.

अॅकवर्थ यांच्या नांवाचें कुष्ठरोग रुग्णालय वडाळ्यास आजही आहे. समाजानें ज्यांना टाकून दिलें, त्यांच्या वस्तींत टाकाऊ वस्तूचा उपयोग प्रथम सिद्ध झाला. नव्या केंद्रांची यंत्रें सुरू होतील तेव्हां शुद्ध झालेल्या पाण्याचें मोजमाप अवश्य व्हावें; पण गटारांत उतरावें लागणारीं माणसें किती उरलीं, तेंही त्याच वहींत लिहिलें जावें, एवढीच आमची अपेक्षा आहे.