साडीतली मरिया : चित्रात श्रद्धा शोधायची कशी?

‘श्रद्धेतून कलाकाराला प्रेरणा मिळाली’ हे वाक्य प्रबंधात नुसतं लिहून भागत नाही. श्रद्धा मोजता येत नाही, पण कलाकाराने काय निवडलं ते तपासता येतं. आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांचं उदाहरण घेऊ.

जन्म गोव्यातल्या कॅथलिक घरात. मुंबईच्या जे. जे. स्कूलनंतर ते शांतिनिकेतनच्या परंपरेत, अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. गोव्यातल्या चर्चमधली मरिया तेव्हा युरोपीय वळणाची असायची. फोन्सेकांनी तिला साडी नेसवली, सावळा रंग दिला. पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात यावर टीका झाली. ते पुण्याला आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून रंगवत राहिले.

आता शंका काढा : ही श्रद्धा कशावरून? स्वदेशीचा प्रभाव का नाही? शंका रास्त आहे. स्वदेशी वळणामुळे साडी आली हे पटतं. पण मरियाच का, हे त्यातून कळत नाही. विषय बदलला असता तर टीकाही टळली असती. त्यांनी विषय सोडला नाही. देव माणूस झाला, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा. मग तो आपल्या मातीतला का नसावा, असं ही चित्रं विचारतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) स्थानिक संस्कृतींसाठी दार मोकळं केलं, ते बऱ्याच नंतर.

म्हणून प्रेरणा शोधताना आधी विचारा : याला दुसरा, सोपा रस्ता कोणता होता? तो का घेतला नाही?