आवाज आधी यायचा

आमच्याकडे साठ मिनिटांची एक कॅसेट आहे. तिच्या एका बाजूला माझे आबाजी, म्हणजे आईचे वडील, खंजिरीवर तुकडोजी महाराजांची भजनं म्हणतात. तिसऱ्या भजनाच्या ऐन मध्यावर खट्ट आवाज होतो, खंजिरी थांबते आणि 'शक्तिमान'चं शीर्षकगीत सुरू होतं. सव्वा मिनिट ते चालतं. मध्येच कोणीतरी ओरडतं, ''अँटेना हालवू नको बे!'' मग पुन्हा खट्ट, आणि आबाजी एका ओळीच्या अर्ध्यातून पुढे म्हणू लागतात. मधलं सव्वा मिनिट भजन आता कुठेच नाही. ते मी पुसलं, १९९८च्या दिवाळीच्या सुट्टीत.

एका गाण्यासाठी एवढं करावंसं का वाटलं, हे आज मोबाइलवर 'स्किप इंट्रो' दाबणाऱ्यांना सांगायचं तर आधी गावापासून सुरुवात करावी लागेल. मी अमरावतीचा, मावसभाऊ अकोल्याचा. त्याला आम्ही दादा म्हणतो. आमचं आजोळ दोन्हींच्या मध्ये, दर्यापूरच्या पुढे, खारपाणपट्ट्यात. अमरावतीत टीव्ही स्वच्छ दिसायचा. गावात दिसायच्या त्या मुंग्या.

दूरदर्शनने १९८४मध्ये देशभर लहान प्रक्षेपक उभारायचा सपाटा लावला होता, काही महिने तर जवळपास रोज एक. हे प्रक्षेपक १०० वॅटचे. घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी ही ताकद. शहर आणि आजूबाजूची गावं एवढाच त्यांचा आवाका, आणि आमचं गाव त्याच्या कडेवर. गच्चीवर एक जण अँटेना फिरवणार, खाली एक जण ''आला, आला... गेला!'' करणार. पण मुंग्यांच्या आतून आवाज मात्र बहुतेक वेळा नीट यायचा. याचं कारण मला फार नंतर कळलं. त्या काळच्या टीव्हीत चित्र एएम पद्धतीने यायचं आणि आवाज एफएमने. सिग्नल क्षीण झाला की एएमवरचं चित्र आधी खराब होतं. एफएमवरचा आवाज बराच वेळ तग धरतो.

म्हणजे अमरावतीच्या पोरांनी 'शक्तिमान' पाहिला आणि गावच्या पोरांनी तो मुख्यतः ऐकला. गावातल्या पोट्ट्यांना गंगाधरचा चश्मा कसा आहे हे नीट माहीत नव्हतं, पण शीर्षकगीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठ होतं. रविवारी दुपारी ते वाजलं की वाड्यातून, कोठ्यातून, नळावरून पोरं धावायची. पाटलांच्या ओट्यापर्यंत आवाज गेला पाहिजे, हे त्या गाण्याचं पहिलं काम. दवंडीच ती.

तेव्हा आमच्यात मोठा वाद होता. १९९७च्या सप्टेंबरात 'शक्तिमान' सुरू झाला, पुढच्या वर्षी केतन मेहतांचा 'कॅप्टन व्योम' आला. मिलिंद सोमण, अंतराळयानं, पळालेले गुन्हेगार. अकोल्याचा दादा व्योमवाला, मी शक्तिमानवाला. दादाचं म्हणणं, व्योमचं संगीत खरं सायन्सचं वाटतं, मशीनमधून आल्यासारखं. शक्तिमानचं म्हणजे आरती. ''तुमचा शक्तिमान तं भीष्म व्हय!'' हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. त्यात तथ्य होतं. मुकेश खन्ना 'महाभारता'त भीष्म होते, आणि महेंद्र कपूरांच्या आवाजातलं 'महाभारता'चं शीर्षकगीत आमच्या आधीच्या पोरांनी असंच पाठ केलं होतं. शक्तिमानची भाषाही तीच, जड जड संस्कृत शब्दांची हिंदी. त्याची ताकद पंचमहाभूतांतून आलेली, आणि त्याच गोष्टीत प्रयोगशाळेतला डॉक्टर जॅकॉल. ही विज्ञानकथा की पुराण, यावर आम्ही अकोला ते मूर्तिजापूर रेल्वेत भांडलो आहोत. मूर्तिजापूरला तेव्हा शकुंतला उभी असायची, इंग्रजांच्या काळातली अरुंद रुळांची गाडी. १९९४पर्यंत तिला वाफेचं इंजिन ओढत होतं. खिडकीतून ती बघत आम्ही अंतराळयानाच्या गाण्यावर तावातावाने बोलत होतो, यात काही विचित्र आहे असं आम्हाला वाटलं नाही.

मराठीतली विज्ञानकथा तोवर चांगली रुजलेली होती. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपली आद्याक्षरं उलटी करून, आणि बक्षीस मिळवलं. पण पुस्तकाला शीर्षकगीत नसतं. शाळेच्या वाचनालयातला नारळीकरांचा वाचक एकटाच वाचायचा. गाण्याने मात्र अख्खा ओटा भरायचा.

पुढे नोकरीला लागल्यावर दादाने पेनड्राइव्हवरून 'स्टार ट्रेक' बघायचा सपाटा लावला आणि आमचा जुना वाद नव्याने पेटला. तिकडे, अमेरिकेत, अगदी असाच वाद झालेला होता. १९६६च्या मूळ मालिकेची धून अलेक्झांडर करेजची. तिच्यात लूली जीन नॉर्मन या गायिकेचा उंच स्वर आहे, पण शब्द एकही नाही. मालिकेचा निर्माता जीन रॉडनबेरी याने त्या धुनेवर नंतर शब्द लिहून ठेवले. ते कधी गायले जाणार नव्हतेच, पण गीतकार म्हणून मानधनातला अर्धा वाटा त्याला मिळाला. (शब्दांची इतकी उघड किंमत मी दुसरीकडे पाहिली नाही.) त्यानंतरच्या मालिकांनाही वाद्यवृंदच होता. मग २००१मध्ये 'एंटरप्राइज' आली आणि सुरुवातीलाच रसेल वॉटसन चक्क गाऊ लागला. गाणं डायन वॉरनचं आणि तेही जुनं, १९९८च्या 'पॅच ॲडम्स' सिनेमासाठी रॉड स्टुअर्टने गायलेलं. चाहते खवळले. इंटरनेटवर सह्यांची मोहीम झाली. अंतराळाच्या मालिकेला पॉप गाणं कसं, हा त्यांचा सवाल. तिसऱ्या वर्षी निर्मात्यांनी गाण्याचा ठेका बदलून पाहिला, त्यावरही लोक नाराजच झाले.

दादाला मात्र ते गाणं आवडलं. ''शिरेलीला गाणं नाही म्हणजे लग्नाले बँड नाही,'' असा त्याचा निकाल. लहानपणी मशीनच्या संगीताची बाजू घेणारा हा माणूस चाळिशीत शब्दांच्या बाजूला गेला होता. मी बरोबर उलटा. मला आता बिनशब्दांची धून आवडते. तिच्यात अंतराळ उरतं. शब्द आले की कोणीतरी समोर उभं राहून मला समजावतं आहे असं वाटतं.

पण मला वाटतं, अमेरिकन चाहत्यांना जे खटकलं ते आपल्याकडे खटकण्याची शक्यताच कमी होती. आपल्याकडे खेळ सुरू करायचा तर आधी गाऊन सांगायचं असतं. संगीत नाटकाला नांदी, तमाशाला गण, कीर्तनाला नमन. कोण येणार, कशासाठी येणार, हे प्रेक्षक बसायच्या आत कानावर गेलं पाहिजे, कारण निम्मे लोक अजून वाटेत आहेत. दूरदर्शनच्या गीतकारांनी हे ठरवून केलं असेल असं माझं म्हणणं नाही. पण ज्या घरात टीव्ही नाही आणि ज्या गावात चित्र नाही, तिथे गोष्टीचा सारांश शीर्षकगीतातूनच पोचत होता. तिथे बिनशब्दांची धून वाजली असती तर पोरं धावली असती, पण कुणासाठी धावतोय ते त्यांना कळलं नसतं.

आबाजींचंही मत होतं. तेही नोंदवतो, कारण माझ्या माहितीत इतका नेमका अभिप्राय दुसऱ्या कोणी दिलेला नाही.

झालं असं. ते गाणं आम्हाला सुट्टी संपल्यावरही हवं होतं. कोरी कॅसेट नव्हती. आबाजींनी भजनाच्या कॅसेटच्या मागची छोटी पट्टी तोडून ठेवली होती. ती तोडली की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. दादाने त्या खाचेवर सेलोटेप चिकटवला. मी टेपरेकॉर्डर टीव्हीच्या जाळीला टेकवला आणि दोन्ही बटणं एकदम दाबली. पोरकटपणा म्हणून सोडून देता येत नाही, ते याचसाठी. ती पट्टी का तोडलेली आहे, हे आम्हाला माहीत होतं.

आठवड्याने आबाजींनी कॅसेट लावली. भजन तुटलं, ते गाणं लागलं. आम्ही दाराआड. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि आईला विचारलं, ''हे कोणाचं भजन व्हय?'' आईने सांगितलं. ते म्हणाले, ''चाल साधी हाय. पण नाव घडीघडी घेते, थे बरं करते.'' नंतर त्यांनी सेलोटेप नखाने काढला. आम्हाला काही बोलले नाहीत. दोन वर्षांनी ते गेले.

ही गोष्ट मनात असल्यामुळे असेल, 'डॉक्टर हू'बद्दल वाचताना मी थबकलो. १९६३ची ती ब्रिटिश मालिका. रॉन ग्रेनरने लिहिलेली तिची धून बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बिशायरने घडवली. सिंथेसायझर नव्हताच. एकेक स्वर टेपवर घ्यायचा, वेग बदलायचा, ब्लेडने कापून जोडायचा. ग्रेनरला तिला सहसंगीतकार करायचं होतं, बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही. पडद्यावर तिचं नाव आलं २०१३मध्ये, ती जाऊन बारा वर्षं झाल्यावर. त्याच बीबीसीने मालिकेच्या जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. टेप महाग होती, कपाटात जागा नव्हती. नव्वदच्या वर भाग आजही चित्ररूपात सापडत नाहीत. पण त्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे, कारण घरोघरी काही पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवून घेतला होता. त्या पोरांनी कशावर उतरवला, त्याखाली आधी काय होतं, हे कोणी लिहिलेलं नाही.

गेल्या वर्षी दादाने अकोल्यात कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. भजनं वेगळी आणि शक्तिमान वेगळा अशा दोन फाइल करून त्याने त्या घरच्या ग्रुपवर टाकल्या. मावशीने त्या ऐकल्या आणि त्याला फोन करून सांगितलं, ''जशी होती तशीच पाठव.'' त्याने पाठवली.

मी अकोल्याला गेलो होतो तेव्हा तिने ती माझ्यासमोर लावली. तिसऱ्या भजनाला खट्ट झालं, शक्तिमान सुरू झाला, आणि मावशी त्याच्यावरूनच पुसलेलं भजन म्हणू लागली, मांडीवर ताल धरून. तिला ते पूर्ण येतं. शेवटी तिचा हिशेब थोडा चुकला. ती ओळीच्या अर्ध्यावर आधी पोचली आणि आबाजी येईपर्यंत थांबली.