मिटन
मिटन : अंगठ्यासाठी एक व उरलेल्या चार बोटांसाठी मिळून एक, असे दोनच कप्पे असलेला हातमोजा. चारही बोटे एकत्र राहिल्याने ती परस्परांना ऊब देतात आणि थंड हवेच्या संपर्कात येणारा पृष्ठभाग कमी होतो. त्यामुळे पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा मिटन अधिक उबदार असतो. त्याला कापड व शिलाईही कमी लागते. मात्र त्यात बोटांची स्वतंत्र हालचाल शक्य नसते. एकीकडे ऊब व बळकटी आणि दुसरीकडे बोटांचे कौशल्य, यांतील निवड हेच यूरोपातील मिटनच्या इतिहासाचे, विशेषतः चौदाव्या ते अठराव्या शतकांतील इतिहासाचे, मुख्य सूत्र होय.

हातमोजा व मिटन यांतील भेद यूरोपात जुना आहे. आखेन येथे ८१६–१७ मध्ये झालेल्या मठविषयक नियमांत ख्रिस्ती मठवासीयांना उन्हाळ्यासाठी साधे हातमोजे व हिवाळ्यासाठी मेंढीच्या कातड्याचे मिटन द्यावेत, अशी तरतूद आढळते. पुढे बोटांचा तलम हातमोजा हे राजे, बिशप व सरदार यांच्या प्रतिष्ठेचे चिन्ह ठरले. मिटन प्रामुख्याने कष्टकऱ्यांकडे राहिला. ‘पिअर्स द प्लाउमन्स क्रीड’ (सु. १३९४) या इंग्रजी काव्यातील नांगऱ्याच्या हातांत चिंध्यांचे झिजलेले, चिखलाने माखलेले मिटन आहेत आणि त्याची बायको बर्फावरून अनवाणी चालते. त्याच सुमाराच्या चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील लबाड पापमोचनपत्रविक्रेता एक मिटन दाखवून सांगतो, की त्यात हात घालणाऱ्याचे धान्य वाढेल, अट एवढीच, की आधी दक्षिणा ठेवावी. पेरणाऱ्याच्या हाती मिटन असणे श्रोत्यांच्या परिचयाचे असल्याशिवाय हा विनोद साधला नसता.

युद्धातही मिटनचा उपयोग झाला. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून कड्यांच्या चिलखताची बाही मिटनच्या आकारात हातावर येई. तळहाताशी फट ठेवल्याने हात बाहेर काढता येई. पंधराव्या शतकात पोलादी पत्र्याचे मिटनवजा दस्ताने प्रचारात आले. मिलानच्या चिलखतांत लगाम धरणाऱ्या डाव्या हाताचा दस्ताना अधिक मोठा व भक्कम असे. सोळाव्या शतकात पिस्तुलासारखी शस्त्रे हाताळण्यासाठी बोटे मोकळी असणे आवश्यक झाले आणि बोटांच्या दस्तान्यांना पुन्हा महत्त्व आले.

कष्टकऱ्यांचे मिटन झिजेपर्यंत वापरले जात. त्यामुळे त्यांचे अवशेष थोडे आहेत. उत्तर यूरोपात नेढे असलेल्या एकाच सुईने फासांत फास गुंफून ते करण्याची रीत फार जुनी होती. स्वीडनमधील ऑस्ले येथील दलदलीत मिळालेला अशा पद्धतीचा मिटन प्रथम इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील मानला गेला. परंतु किरणोत्सर्गी कार्बन चाचणीवरून तो सोळाव्या–सतराव्या शतकांतील ठरला. जुने तंत्र म्हणजे जुनी वस्तू, हा तर्क येथे फसला. कारण नवे तंत्र आल्यावरही ही रीत दीर्घकाळ टिकून होती. नवे तंत्र म्हणजे दोन वा अधिक सुयांवरील विणकाम. एस्टोनियातील यौगा येथील दफनभूमीत मिळालेला विणलेल्या मिटनचा तुकडा तेराव्या शतकाच्या अखेरचा वा चौदाव्याच्या आरंभीचा आहे. लंडनच्या फिन्सबरी भागात सोळाव्या शतकातील लहान मुलाचा विणलेला लोकरी मिटन सापडला आहे.

मिटनला आर्थिक महत्त्व आले ते आइसलँडमध्ये. तेथे विणकाम सोळाव्या शतकात पोहोचले. स्टोराबोर्ग येथील उत्खननात मिळालेला त्या शतकाच्या पूर्वार्धातील मिटन ही तेथील सर्वांत जुनी ज्ञात विणलेली वस्तू होय. डॅनिश व्यापारी मक्तेदारीच्या काळात (१६०२–१७८७) विणलेले लोकरी कपडे निर्यातीचा महत्त्वाचा भाग बनले. १६२४ मध्ये ७२,००० हून अधिक मोज्यांचे जोड व १२,००० हून अधिक मिटनचे जोड निर्यात झाले. हे उत्पादन कारखान्यात नव्हे, तर घरोघरी होई आणि त्यात स्त्रिया, पुरुष व मुले सर्वांचा हात असे. मच्छीमारांच्या मिटनला दोन अंगठे असत. तळव्याची बाजू झिजली, की मिटन फिरवून दुसऱ्या बाजूने वापरता येई.

उच्चवर्गात मिटन शोभेची वस्तू म्हणून आला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात सु. १६०० मधील किरमिजी मखमल व पांढऱ्या साटिनचे भरतकाम केलेले मिटन आहेत. पहिल्या एलिझाबेथ राणीने ते आपल्या सेविका मार्गारेट एजकम हिला दिले, अशी परंपरा आहे. सतराव्या–अठराव्या शतकांत बोटांची टोके उघडी ठेवणाऱ्या, मनगटापासून कोपरापर्यंत जाणाऱ्या स्त्रियांच्या हातमोज्यांनाही हेच नाव मिळाले. ते घालून शिवणकाम, लेखन वा वाद्यवादन करता येई. जे मखमलीचे मिटन पेटीत जपले गेले ते आज संग्रहालयांत दिसतात. ज्यांच्यावर शेती व मासेमारी चालली, त्यांचा इतिहास मात्र काव्यातील उल्लेख, व्यापाराचे हिशेब आणि जमिनीत सापडलेले तुकडे यांवरूनच जुळवावा लागतो.