आतड्यातली जागल

भंडारा जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांवर इथले धान पिकत आले. पाण्यानेच पोसावे आणि पाण्यानेच मारावे, असेही पूर्वी घडे. पावसाळ्यात पटकी आणि रक्ती आव गावात शिरत, मग मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेला जाई. पण एकाच विहिरीचे पाणी प्यालेल्यांपैकी काही दगावत, काही तगत. देवीच्या मर्जीखेरीज याला दुसरे कारण कोणाला ठाऊक नव्हते.

त्या कारणाचा एक धागा व्हिएन्नात सापडतो. योसेफ पानेथ हा तेथला शरीरक्रियाशास्त्रज्ञ, फ्रॉइडचा मित्र. लहान आतड्याच्या अस्तरात सूक्ष्म खळगे असतात. त्यांच्या तळच्या, दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशींचे वर्णन त्याने १८८८ साली केले. (श्वाल्बेने त्या १८७२ मध्येच पाहिल्या होत्या, नाव मात्र पानेथचे लागले. असे चालायचेच!) १८९० मध्ये ऐन तारुण्यात पानेथ वारला. दाण्यांचे कोडे मागे उरले.

ते सुटायला फार वर्षे लागली. फ्लेमिंगने १९२२ मध्ये शोधलेले लायसोझाइम त्या दाण्यांत आढळले. पुढे १९८९ मध्ये उंदराच्या आणि १९९२ मध्ये माणसाच्या पानेथ पेशींत डिफेन्सिनांचा माग लागला. ही प्रथिनांचीच लहान भावंडे, म्हणजे पेप्टाइडे. त्यांच्यावर धन विद्युत्भार, जंतूच्या आवरणावर ऋण. ती त्याला चिकटतात आणि आवरण फोडतात. धानाची जागल करावी तशी ही आतड्याची जागल. शिवाय हा जागल्या बांधबंदिस्तीलाही हात लावतो! शेजारच्या मूलपेशींतून अस्तर चारपाच दिवसांत नवे होत असते, आणि त्या मूलपेशींना पानेथ पेशी पोसतात, असे २०११ मध्ये उंदरांत दिसून आले.

पण जागल्यालाच कोणी झोपवले तर? जपानच्या कियोशी शिगाने १८९७ मध्ये शोधलेला आवेचा जंतू तेच करतो. त्याचे ठाणे मोठ्या आतड्यात. तेथे अस्तराच्या पेशी स्वतःच एलएल-३७ नावाचे पेप्टाइड तयार करतात. ढाक्याच्या रुग्णांत आजाराच्या आरंभीच ते घटते, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. २००६ मध्ये आव झालेल्या सशांना ब्युटिरेट देताच तशाच पेप्टाइडाची निर्मिती पुन्हा सुरू झाली आणि दुखणे हटू लागले. हे ब्युटिरेट आपल्या पोटातही रोज तयार होते. अन्नातला न पचलेला चोथा आंबवून मोठ्या आतड्यातले निरुपद्रवी जंतूच ते बनवतात.